वाचकांचे प्रश्न : आपल्या चित्रातला गोवा कुठला?

मागच्या अंकात शाळकरी मुलांच्या निसर्गचित्रांवर मी दोन पाने लिहिली आणि प्रश्न येत राहिले. टपालाने आले, फोनवर आले, एकदा तर डिचोलीच्या बाजारात भाजी घेतानाही एका बाईंनी थांबवून विचारले. चौतीस वर्षे डिचोली आणि सत्तरीतल्या शाळांत चित्रकला शिकवल्यामुळे निम्मे पत्रलेखक मला 'टीचर' म्हणूनच हाक मारतात. ते मला मनापासून आवडते. सगळी पत्रे इथे मावणार नाहीत, म्हणून सहा घेतली आहेत.

फोंड्याहून एक आई लिहितात : माझा मुलगा सातवीत आहे. शाळेत 'माझा गोवा' हा विषय दिला होता. त्याने समुद्र, माड, पांढरी इगर्ज म्हणजे चर्च, आणि होडी काढली. चित्र छान झाले. पण आमच्या घरामागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे, आणि समुद्रावर आम्ही वर्षातून एकदा जातो. मी विचारले तर म्हणाला, "आई, गोवा म्हणजे हेच ना?" त्याचे काही चुकले का?

मुलाचे चुकलेले नाही, ताई. त्याने जे वारंवार पाहिले तेच काढले. घरामागचे कुळागर त्याने रोज पाहिले असेल, पण चित्र म्हणून कधीच पाहिलेले नाही. चित्र म्हणून त्याला दिसले ते बँकेच्या कॅलेंडरवर, काजूच्या पाकिटावर, पर्यटनाच्या फलकावर. त्यामुळे चित्र काढण्याजोगी जागा म्हणजे समुद्रकिनारा, अशी त्याच्या मनाची समजूत झाली.

मी स्वतः नोकरीची पहिली कितीतरी वर्षे फळ्यावर तोच एक देखावा काढून दिला. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठाला एक झोपडी आणि एक माड. मुले तो पाठ करत. तसा डोंगर आमच्या तालुक्यात कुठेच नाही. आमचे डोंगर माथ्यावर सपाट असतात, त्यावर सडा, म्हणजे उघड्या कातळाचे पठार, पसरलेला असतो. हे मला माहीत होते आणि तरीही मी त्रिकोण काढत राहिले, कारण मलाही तसेच शिकवले होते.

२००७ मध्ये ते थांबले. खाणी तेव्हा जोरात होत्या. आमच्या वर्गाच्या खिडकीतून खाणीचा डंप, म्हणजे उकरून टाकलेल्या मातीचा डोंगर, दिसायचा. एक दिवस मी मुलांना म्हटले, आजपासून देखावा बंद, खिडकीतून दिसते ते काढा. आठवीतल्या एका मुलीने काढले ते मी अजून विसरलेले नाही. कापून पायऱ्या पायऱ्या झालेला लाल डोंगर, टिप्परची रांग, रस्त्याकडेचे माड आणि त्यांच्या झावळ्यांवर लाल धूळ, तोंडाला ओढणी बांधून शाळेत येणारी तीन मुले. आभाळसुद्धा तिने निळे केले नव्हते, राखाडीत थोडा गुलाबी मिसळला होता. आमच्या गावावर तेव्हा खरेच तसे आभाळ असायचे. 'सुंदर गोवा' अशा विषयाची एक स्पर्धा होती, तिथे मी ते पाठवले. चित्र परत आले, मागे पेन्सिलीने दोन शब्द होते : 'विषय सोडून'.

ती मुलगी मला म्हणाली, "टीचर, आमचा गाव गोव्यात येत नाही?"

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. चित्र अजून माझ्या कपाटात आहे. नंतर मी जे काही वाचले, पाहिले, शिकवले, ते एका अर्थी त्या प्रश्नाच्या मागे मागेच गेले.

तुमच्या मुलाचे चित्र घरात लावा. आणि पुढच्या रविवारी त्याला कागद घेऊन कुळागरात बसवा. ते कठीण असते, हे आधीच सांगा. समुद्र सोपा, एक आडवी रेघ मारली की झाला. कुळागरात हिरव्यावर हिरवे असते. पोफळींच्या उभ्या रेघा आधी काढू दे, मग त्यांना चढलेल्या मिरवेली, मग खालच्या केळी, आणि पाटाचे पाणी अगदी शेवटी, कागदाचा पांढरा राखून.

म्हापशाहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी : तुम्ही लिहिले की निसर्गचित्रे देश घडवतात. मला हे अतिशयोक्त वाटते. देश कायद्याने, भाषेने, लढ्याने घडतो. चित्र ही नंतर भिंतीवर लावायची शोभा आहे. उदाहरण देऊन पटवा.

तुझी शंका चांगली आहे आणि तुझ्या वयाची असताना मीही तुझ्याच बाजूने बोलले असते. उदाहरणे देते, पण सुरुवात माझ्या माहेरापासून करते.

माझे माहेर चोडणचे. बेटावरचे आमचे शेत खाजनाचे. ज्यांनी खाजन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते : मांडवीसारख्या खाडीच्या काठची भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन आपल्या पूर्वजांनी चिखलामातीचे बांध घालून अडवली आणि तिथे भात पिकवले. बांधात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे लाकडी दारे बसवलेली पाण्याची वाट. भरती आली की पाण्याच्याच जोराने दारे मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. दारे लावायला माणूस लागत नाही. पण बांध राखायला माणूस लागतो. पुनवेच्या, अवसेच्या मोठ्या भरतीला वडील रात्री कंदील घेऊन बांधावर जात. एकदा बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरते, आणि विहिरीही खाऱ्या होतात. गोव्यात अशी खाजने सुमारे १८,००० हेक्टर आहेत. ज्या गावाने बांध राखला ते गाव एक राहिले. गावकरीची, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायची व्यवस्था, कोणाचे शेत कुठले, कोणी किती दिवस कामाला यायचे, सगळे त्या बांधाभोवती ठरलेले होते.

आता हॉलंडकडे जा. तिथेही जमीन पाण्याकडून हिसकावून घेतलेली. १६१२ मध्ये बेमस्टर नावाचे अख्खे सरोवर पवनचक्क्यांनी उपसून त्याची शेते केली. हे लोक त्याच काळात स्पेनच्या राजाशी लढत होते आणि १६४८ मध्ये त्यांचे स्वातंत्र्य स्पेनने मान्य केले. आणि याच शतकात त्यांच्या चित्रकारांनी काय काढले? राजे फारसे नाहीत. त्यांनी बांध काढले, पवनचक्की काढली, ओल्या कुरणातली गाय काढली. याकोब फान रॉयस्डालचे हार्लेम शहराचे चित्र आहे. दोनतृतीयांश चित्र नुसते ढग, आणि खाली सपाट शेतात उन्हात पांढरे करायला पसरलेल्या कापडांच्या लांब लांब पट्ट्या. ही चित्रे सरदारच विकत घेत होते असे नाही, साध्या दुकानदारांच्या घरातही ती लागत. घरात बसलेल्या माणसाला रोज दिसायचे : ही जमीन आम्ही केली आहे. राजाने दिलेली नाही. तुला शोभा म्हणायचे असेल तर म्हण, पण मला त्यात सातबाराच्या उताऱ्यापेक्षा घट्ट असा हक्क दिसतो.

आणि आमच्या खाजनाचे असे चित्र? माझ्या लहानपणी मी एकही पाहिले नाही. युरोपने गोव्याची चित्रे मात्र कधीच पाहिली होती. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचे पुस्तक छापले गेले, त्यात जुन्या गोव्याच्या बाजारपेठेचे मोठे चित्र आहे. पालख्या, छत्र्या, लिलाव, व्यापारी. व्यापाराला निघालेल्याच्या नजरेने काढलेला गोवा. काही दशकांत डच जहाजे मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करून उभी होती. हा सगळा दोष त्या चित्राचा असे मी म्हणत नाही, पण दुसऱ्याची भूमी कशी काढायची आणि स्वतःची कशी, यातला फरक एकाच लोकांच्या हातून इतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

तुला कायदा हवा होता, तर अमेरिकेचे उदाहरण घे. १८७१ मध्ये सरकारी पाहणी पथकाबरोबर टॉमस मोरान हा चित्रकार यलोस्टोनच्या दऱ्यांत गेला. बरोबर विल्यम हेन्री जॅक्सन छायाचित्रे काढत होता. त्या जलरंगांनी आणि छायाचित्रांनी वॉशिंग्टनमधल्या लोकप्रतिनिधींना कधीही न पाहिलेली जागा दाखवली, आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यावर सही झाली. त्याच वर्षी मोरानचे मोठे तैलचित्र तिथल्या संसदेने १०,००० डॉलरना विकत घेतले. ज्या देशाकडे जुनी देवळे, जुने किल्ले नव्हते, त्याने दऱ्या आणि धबधबे हीच आपली पुरातन संपत्ती मानली. त्यात चित्रकारांचा मोठा हात आहे.

पण इथे माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न परत येतो. यलोस्टोनमध्ये शोशोनी आणि इतर मूळ रहिवासी लोक पिढ्यान् पिढ्या राहत, शिकार करत होते. देशाच्या कल्पनेत ती जागा माणसाचा हात न लागलेली ठरली, आणि पुढच्या काही वर्षांत त्या लोकांना उद्यानाबाहेर ठेवले गेले. कॅनडातही तसेच. टॉम थॉमसन आणि १९२० मध्ये पहिले प्रदर्शन भरवणारे सात चित्रकार, यांनी उत्तरेची सरोवरे आणि वाऱ्याने वाकलेले पाइन काढले. १९४२ पासून त्यांच्या आणि इतरांच्या चित्रांच्या छापील प्रती शाळांत, बँकांत, सैनिकांच्या बराकींत लागल्या, आणि मुले तोच आपला देश असे शिकली. चित्रे विलक्षण सुंदर आहेत. त्यांत मूळ रहिवासी जवळजवळ कुठेच नाहीत.

मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते ते फिनलंडचे एक चित्र. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एका जाड पुस्तकात ते पाहिले आणि तासभर पान उलटले नाही. एरो यार्नेफेल्ट याने १८९३ मध्ये काढलेले. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता, स्वातंत्र्य १९१७ मध्ये मिळाले. त्यांचे चित्रकार तेव्हा आपली जंगले आणि तळी काढून 'आम्ही निराळे आहोत' हे सांगत होते, आणि यार्नेफेल्टनेही कोली नावाच्या टेकडीवरून दिसणारे विशाल देखावे काढले. पण या चित्रात त्याने जंगल जाळून शेत करणारे मजूर काढले आहेत. धूर, जळके ओंडके, आणि मध्ये एक लहान मुलगी. तोंड काजळीने माखलेले, हात थांबलेला, आणि ती थेट आपल्याकडे बघते.

मला सत्तरीतली कुमेरी आठवली. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी सांगितले होते : डोंगरउतारावर झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा, पहिल्या पावसाला राखेत नाचणी पेरायची, दोनतीन वर्षांनी जागा बदलायची. त्यांच्या हातांवर जुने भाजल्याचे डाग होते. कुमेरी आता बंद झाली. ती चांगली की वाईट यावर जंगल खात्याचे आणि त्या आजोबांचे मत एक होणार नाही. पण ज्यांनी तो उतार कसला, ते गोव्याच्या कुठल्या चित्रात आहेत? फिनलंडने आपले स्वातंत्र्य मागताना ती काजळलेली मुलगी लपवली नाही. आज ते चित्र हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे आणि तिथली शाळकरी मुले ते आपले म्हणून ओळखतात.

तर, मित्रा, चित्राने एकट्याने देश होत नाही, हे तुझे खरे. पण 'आपली भूमी' हे शब्द ऐकल्यावर डोळ्यांपुढे काय येते, ते बहुतेक वेळा कोणीतरी काढून ठेवलेले असते. आणि जे डोळ्यांपुढे येत नाही त्यासाठी कोणी लढत नाही.

पेडण्याहून एक वाचक : आपल्या गोव्याच्या चित्रकारांनी गोवा काढला का? की सगळे मुंबईला गेले?

बरेचसे मुंबईलाच गेले, कारण शिकायची सोय तिथे होती. जे. जे. स्कूल १८५७ चे, आणि आपले गोवा कला महाविद्यालय १९७२ चे. मधली शंभराहून अधिक वर्षे रंग शिकायचे तर घर सोडावेच लागे. सांग्यात जन्मलेले आंतोनियो शावियर त्रिंदाद (१८७०–१९३५) जे. जे. मध्ये शिकले आणि तिथेच शिकवू लागले. त्यांची चित्रे पणजीत फोंतेन्यासच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत बघायला मिळतात. सवड काढून जा, फार कमी लोक जातात. मराठी घरांना दीनानाथ दलालांची (१९१६–१९७१) ओळख वेगळी करून द्यायला नको. गोव्याच्या मातीतला हा माणूस मुंबईत बसून 'दीपावली' अंकाच्या पानांवर आणि असंख्य मुखपृष्ठांवर रंग ओतत होता. आमच्या चोडणच्या घरात त्यांची मुखपृष्ठे कापून दरवाजामागे चिकटवलेली होती. मी पहिले रंग तिथे पाहिले. मडगावचे लक्ष्मण पै (१९२६–२०२१) पॅरिसला दहा वर्षे राहून आले आणि पुढे १९७७ ते १९८७ आपल्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

पण या सगळ्यांत मला एका वेगळ्या माणसाबद्दल सांगायचे आहे. सांतेस्तेव्ह बेटावरचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७). हे शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले, परत आले आणि त्यांनी येशूच्या आईला, मारियेला, साडी नेसवली. तिच्या मागे आपले घर, आपली झाडे, आपली माणसे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात ते अनेकांना रुचले नाही, आणि फोन्सेका पुण्याला गेले. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी तिथे काढला. मी हिंदू घरातली, पण त्यांची चित्रे पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये पहिल्यांदा पाहिली तेव्हा घशाशी आले. ज्या माणसाने देवाच्या आईला आपल्या अंगणात आणून बसवले, त्याला स्वतःच्या अंगणात जागा मिळाली नाही.

डिचोलीहून एक ज्येष्ठ वाचक : आपण गोव्यातले मराठी लोक. १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्यात, नंतर भारतात, पण महाराष्ट्रात नाही. राष्ट्राच्या चित्रात आपण कुठे आहोत, असा प्रश्न मला या वयातही पडतो.

काका, हा प्रश्न मलाही सुटलेला नाही, तरी दोन गोष्टी सांगते.

भारताच्या राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या शिष्यांनी सजवली. शेवटच्या भागांत हिमालय, वाळवंट आणि समुद्र अशी चित्रे आहेत. २६ जानेवारी १९५० ला ती अमलात आली तेव्हा आम्ही त्या देशात नव्हतो. ११ वर्षांहून अधिक काळ नव्हतो. तरी मी त्या समुद्राची छपाई वर्गात लावत असे आणि मुलांना सांगत असे, हे पाणी आपल्या मांडवीचेही आहे. कोणी विचारले नाही की टीचर, हे खरे कशावरून. समुद्राला मुले लगेच आपला म्हणतात.

दुसरी गोष्ट १६ जानेवारी १९६७ ची. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, याचा जनमत कौल. मी तेव्हा आठ वर्षांची होते. विलीनीकरणाला फूल, वेगळ्या गोव्याला दोन पाने, अशी चिन्हे होती. आमच्या भिंतीवर वडिलांनी गेरूने फूल काढले होते, आणि वाटेच्या पलीकडे माझ्या मैत्रिणीच्या घरावर दोन पाने. मोठी माणसे महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हती. आम्ही दोघी मात्र त्याच वाटेने शाळेला जात होतो, त्याच बांधावरून, त्याच फेरीबोटीकडे बघत. निकाल वडिलांच्या बाजूने लागला नाही. ते त्या रात्री जेवले नाहीत. आणि चारपाच दिवसांनी मोठी भरती आली, तेव्हा कंदील घेऊन बांधावर गेले. मैत्रिणीचे वडीलही आले होते. फुटलेल्या ठिकाणी दोघांनी मिळून चिखल टाकला.

काका, आपण कुठे आहोत असे मला कोणी विचारले की मला घटनेतला समुद्र आठवतो आणि तो बांध आठवतो. तिसरे चित्र माझ्याकडे नाही.

वास्कोहून एक तरुणी : आता मोबाईलमध्ये रोज शेकडो फोटो आहेत. हाताने काढलेल्या निसर्गचित्राचा आजच्या गोव्याला काय उपयोग?

उपयोग झालेला आपण डोळ्यांनी पाहिला आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा मार्ग, रुंद महामार्ग आणि विजेची उच्चदाबाची वाहिनी नेण्याचे तीन प्रकल्प पुढे आले. बाहेर जमता येत नव्हते. तेव्हा गोव्यातल्या तरुण चित्रकारांनी घरी बसून मोले काढले. धनेश, बेडूक, फुलपाखरे, वाघ, रात्री चमकणारी बुरशी. मोलेत कधीही न गेलेल्या हजारो लोकांना ते जंगल ओळखीचे झाले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरी रेल्वेमार्गाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. न्यायालय कागद आणि कायदा बघते, चित्र बघत नाही, हे मला कळते. पण लोकांनी एवढ्या संख्येने त्या जंगलाला आपले म्हटले, त्याची सुरुवात त्या चित्रांनी झाली.

माडाचेही तसेच. २०१६ मध्ये कायद्यात बदल करून माडाला वृक्षाच्या व्याख्येतून काढले गेले, म्हणजे तो तोडायला परवानगी सोपी. केवढा गहजब झाला! पुढच्या वर्षी माड पुन्हा त्या कायद्याखाली आला आणि त्याला राज्यवृक्षाचा मान मिळाला. शंभर वर्षे प्रत्येक चित्रात, प्रत्येक मुलाच्या वहीत माड होता, म्हणून त्याच्यासाठी एवढी माणसे उठली. सड्यावरच्या खुरट्या झुडपासाठी किंवा खाजनाच्या बांधासाठी तसे कोणी उठत नाही. मला वाटते आता आपण ती चित्रे काढायला हवीत.

आणि शेवटी साखळीहून एका मुलाचे चिठ्ठीवर दोन ओळींचे पत्र : टीचर, मी नववीत आहे. चिऱ्याची भिंत काढतो तर ती विटांची दिसते. कुठला रंग लावू?

तुझा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, बाळा.

वीट एकसारखी लाल असते, चिरा, म्हणजे जांभा दगड, तसा नसतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा नारिंगी असतो, त्यात पिवळ्या शिरा आणि लहान लहान भोके असतात. तीनचार पावसाळे खाल्ले की तो वरून काळा पडतो आणि सावलीच्या बाजूला शेवाळ धरतो. म्हणून आधी संपूर्ण भिंतीला येलो ऑकरचा पातळ हात दे. तो वाळायच्या आत बर्न्ट सिएना टाक, जागोजाग, एकसारखा पसरवू नकोस. सावलीत इंडियन रेड आणि त्यात थेंबभर अल्ट्रामरीन. काळा रंग ट्यूबमधून घेऊ नकोस, भिंत मरते. भोकांसाठी कोरड्या ब्रशने टोचून घे. पावसाळ्यात कागद लवकर वाळत नाही, तेव्हा घाई करू नकोस, मधल्या वेळात भिंतीकडे बघत बस.

इंडियन रेड हे नाव आपल्या देशातल्या लाल मातीवरून पडले आहे. त्याचा लाल म्हणजे लोखंडाचा गंज, आणि आपल्या चिऱ्यातला, आपल्या खाणीतल्या मातीतला लालही तोच. तेव्हा एक प्रयोग कर. घराजवळची लाल माती आण, वाळव, पाट्यावर बारीक वाट, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून दोनदा गाळ. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून त्यात मिसळ, आणि रंग तडकू नये म्हणून मधाचे दोन थेंब घाल. मी आणि माझ्या आठवीच्या मुलांनी हा रंग अनेकदा केला आहे. ज्या मुलीचे चित्र परत आले होते तिने पुढच्या वर्षी अशा रंगाने डंप पुन्हा काढला, त्याच डंपच्या मातीने. ते चित्र कुठल्याच स्पर्धेला पाठवले नाही. शाळेच्या पायऱ्यांवर भिंतीला लावले, जिथून तो डंप दिसत होता.

तुझी भिंत झाली की घेऊन ये. मी डिचोलीच्या वाचनालयात मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी असते.